दोघांची कॅबिन आणि वाऱ्यावर फिरणारे छत्र

1931 च्या सप्टेंबरात, लंडनच्या वायव्य हद्दीवरील स्टॅग लेन येथे, द हॅविलँड कंपनीच्या मैदानावरून जे यान प्रथम हवेत गेले त्याची घडण त्या काळच्या हौशी वैमानिकांना परिचित असलेल्या पस मॉथ विमानाच्या धडावर आधारलेली होती, नाकाशी 120 अश्वशक्तीचे जिप्सी इंजिन होते, आणि आत दोन माणसांना अंगावर वारा न घेता बसता येईल अशी काचबंद कॅबिन होती; परंतु हा सारा भार हवेत तोलून धरण्याचे मुख्य काम पंखांकडे नसून कॅबिनच्या माथ्यावर एका आसाभोवती सैल फिरणाऱ्या लांब, निरुंद पात्यांच्या चक्राकडे होते. या ऑटोगायरोचे नाव सी-24. त्याची एकच प्रत तयार झाली, दुसरी कधीच झाली नाही, आणि ती एकुलती एक प्रत आज इंग्लंडातील द हॅविलँड संग्रहालयात ठेवलेली आहे.

या यानापाठीमागची अपेक्षा तशी माफक होती. दोन माणसे, त्यांचे थोडे सामान, नित्याचे कपडे न भिजता वा न फडफडता करावयाचा शे-दोनशे मैलांचा प्रवास, आणि उतरण्यास एखादे लहानसे कुरण, एवढेच तिचे स्वरूप. मोटारगाडीला छप्पर येण्यास फार वर्षे लागली नाहीत. मग ऑटोगायरोला बंदिस्त कॅबिन लाभून ती सर्वसामान्य व्यवहारात रुजण्यास जवळजवळ ऐंशी वर्षांचा अवधी का जावा, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. त्याचे उत्तर कारखानदारीच्या किंवा बाजारपेठेच्या इतिहासात काही अंशी सापडते हे खरे. परंतु माझ्या मते त्याचा मोठा भाग या यंत्राच्या प्रकृतीतच आहे, आणि ती प्रकृती समजून घ्यावयाची तर प्रथम त्या सैल चक्राकडे वळले पाहिजे.

स्पेनमधील मुर्सिया येथे 1895 साली जन्मलेल्या हुआन द ला सिएर्वा यांनी तरुणपणी तीन इंजिनांचे एक मोठे विमान बांधले होते. 1919 मध्ये ते विमान कमी उंचीवर वेग गमावून कोसळले. पंखांच्या विमानाचा हा जन्मजात दोष आहे: पंखाला आधार मिळतो तो वेगामुळे, आणि वेग एका विशिष्ट मर्यादेखाली गेला की तो आधार हळूहळू कमी न होता एकाएकी निखळतो. तेव्हा विमान थांबले तरी पंख थांबू नये अशी काही तजवीज करता येईल काय, या एकाच विचाराने सिएर्वा यांना ग्रासले. आणि पंखच फिरते ठेवले तर त्यांना त्यांचा वेग विमानाच्या वेगाव्यतिरिक्त स्वतंत्रपणे मिळेल, या निष्कर्षाला ते आले. 1923 च्या जानेवारीत माद्रिदजवळच्या हेताफे येथे त्यांच्या चौथ्या आराखड्यानुसार बांधलेले यान आलेहांद्रो गोमेस स्पेन्सर या वैमानिकाने उडवले, आणि 1928 च्या सप्टेंबरात सिएर्वा स्वतः आपली ऑटोगायरो घेऊन इंग्लिश खाडीपार गेले.

या चक्राला, म्हणजे रोटरला, उड्डाणात इंजिनाची शक्ती मुळीच पोचत नाही. हेलिकॉप्टर आणि ऑटोगायरो यांत दुरून पाहणाऱ्याची जी गल्लत होते ती येथे मिटावी. हेलिकॉप्टरचे इंजिन रोटरला फिरवते, रोटर हवा वरून खाली ढकलतो, आणि त्या फिरवण्याची प्रतिक्रिया म्हणून धड उलट दिशेने गरगरू नये यासाठी शेपटीकडे बहुधा आणखी एक लहान पंखा लावावा लागतो. ऑटोगायरोत इंजिन फक्त एका साध्या पंख्याला फिरवते, तो पंखा यानाला पुढे रेटतो, आणि किंचित मागे कललेल्या रोटरमधून हवा खालून वर वाहत जाते. ती वाहताना रोटरला फिरवीत जाते. इंजिनाचा पीळ रोटरपर्यंत येतच नसल्याने शेपटीच्या पंख्याचे कारण उरत नाही, आणि त्याबरोबर तो चालवणारी सारी दंडचक्रांची यातायातही गळून पडते.

वारा लागून चक्र फिरते यात नवल ते काय, जत्रेतली भिंगरीही फिरते, असे कोणी म्हणेल. परंतु भिंगरीची पाने वाऱ्याने त्यांना मागून ढकलावे अशा बेताने मुरडलेली असतात. ऑटोगायरोच्या पात्याची पुढची धार त्याच्या उलट, दोन-तीन अंशांनी वरच उचललेली असते, आणि ते पाते त्या उचललेल्या धारेच्या दिशेनेच पुढे धावते. प्रथमदर्शनी हे बुद्धीला पटत नाही. त्याचा उलगडा असा, की खालून येणारी हवा आणि पात्याच्या स्वतःच्या भ्रमणामुळे समोरून येणारी हवा या दोहोंच्या संयोगाने पात्यावर जी उचल निर्माण होते ती रोटरच्या आसाला समांतर न राहता थोडी पुढे झुकते, आणि हा पुढचा झुकाव हवेच्या रोधापेक्षा अधिक भरला की पाते पुढे ओढले जाते. पात्याच्या सर्व लांबीवर मात्र हे घडत नाही. मुळाशी वेग फार कमी असल्याने तेवढा भाग नुसता हवा घुसळतो. टोकाकडे वेग इतका अधिक असतो की तेथे बलाचा झुकाव मागे पडतो आणि तो भाग फिरण्यास विरोध करतो. मधला पट्टा तेवढा कमावता, आणि त्याच्या कमाईवर ही दोन्ही टोके पोसली जातात. रोटरची गती मंदावली तर खालून येणाऱ्या हवेचा कोन वाढून कमावता पट्टा बाहेर सरकतो व गती पुन्हा चढते. गती फार वाढली तर याच्या उलट घडते. वैमानिकाने काहीही न करता हा समतोल आपोआप राखला जातो, आणि यानात दोघे बसले असोत वा एकटाच असो, रोटर आपली फेऱ्यांची संख्या त्या भाराप्रमाणे ठरवून घेतो. भार चारशे किलोंवरून पाचशेवर गेला तर फेऱ्या सुमारे बारा टक्क्यांनी वाढतात, कारण उचल ही गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

सिएर्वा यांची पहिली तीन याने मात्र जमिनीवरून उठता उठता एका अंगावर कलंडली, आणि त्याचे कारण गणिताने सहज दिसते. आजच्या एखाद्या हलक्या दोन आसनी ऑटोगायरोचा 8.4 मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला 350 फेऱ्या घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास येतो. यान स्वतः ताशी 150 किलोमीटरने जात असेल, तर पुढे येणाऱ्या पात्याचे टोक हवेला सातशेने भिडते आणि मागे जाणारे चारशेने. अशा स्थितीत एका बाजूची उचल दुसऱ्या बाजूच्या कितीतरी पट होणार हे उघड आहे. सिएर्वा यांनी पाते मुळाशी बिजागरीवर बसवले, म्हणजे पुढे येणारे पाते उचल वाढताच वर उठते, त्या उठण्याने त्याला हवा लागण्याचा कोन घटतो, मागे जाणारे पाते खाली पडते व त्याचा कोन वाढतो, आणि दोन्ही अंगांची उचल सारखी होते. एका बिजागरीने एवढा मोठा तंटा मिटावा ही यंत्रविद्येतील फार सुंदर गोष्ट आहे, आणि आज उडणारे प्रत्येक हेलिकॉप्टर या बिजागरीचे किंवा तिच्याच कल्पनेचे ऋणी आहे. आजच्या हलक्या ऑटोगायरोत दोन पाती एकाच दांड्याला घट्ट जोडून तो दांडा मध्यभागी एका आडव्या खिळीवर झुलता ठेवतात. एक पाते उठले की दुसरे तेवढेच खाली जाते, आणि प्रत्येक पात्यास वेगळी बिजागरी लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हेलिकॉप्टरच्या उदयाने ऑटोगायरो मागे पडली, आणि पुढे ती जगली ती उघड्या सांगाड्याच्या रूपाने. जर्मनांनी पाणबुड्यांच्या मागे दोरीने ओढावयाचा, एक माणूस वाहून नेणारा, इंजिनाशिवायचा रोटरी पतंग युद्धकाळात तयार केला होता, आणि त्याचा प्रत्यक्ष वापर बव्हंशी हिंदी महासागरातच झाला. 1943 च्या ऑगस्टात मादागास्करच्या बाजूस एक ग्रीक जहाज अशाच पतंगावरच्या टेहळ्याच्या दृष्टीस पडून बुडवले गेले. युद्धानंतर अमेरिकेत इगोर बेन्सन यांनी अशा रोटरी पतंगांच्या अभ्यासातून धातूच्या चौकोनी नळ्या, एक खुर्ची आणि पाठीमागे इंजिन एवढ्याच साहित्याचे यान सिद्ध केले व त्याचे आराखडे घरी बांधणाऱ्यांना विकले. 1967 च्या जेम्स बाँड चित्रपटात केन वॉलिस यांनी उडवलेले चिमुकले यान पाहून जगाची अशीच समजूत झाली, की ऑटोगायरो म्हणजे वाऱ्यात उघडे बसून करावयाचे एक धाडस.

बंदिस्त कॅबिनचे प्रयत्न त्या काळात झाले नाहीत असे नाही. 1961 साली अमेरिकेत रेमंड अंबॉ यांच्या आराखड्याच्या, एकामागे एक अशा दोन आसनांच्या यानाला सरकारी प्रमाणपत्र मिळाले; पुढे ते एअर अँड स्पेस 18-ए या नावाने ओळखले गेले. 1970 मध्ये मॅकलक जे-2 या शेजारी-शेजारी आसनांच्या यानालाही ते मिळाले. (या दुसऱ्या यानाचे धनी रॉबर्ट मॅकलक हे झाडे तोडण्याच्या यांत्रिक करवतींवर श्रीमंत झालेले गृहस्थ, लंडनचा जुना पूल विकत घेऊन त्याचे दर्शनी दगड अॅरिझोनाच्या वाळवंटातील आपल्या नव्या वसाहतीत नेऊन उभारणारे तेच. ज्याला असा पूल हलवता येतो त्याला ऑटोगायरोचा धंदाही हलवता यावा, असे वाटणे स्वाभाविक होते.) दोन्ही यानांत 180 अश्वशक्तीची इंजिने होती. परंतु जे-2 चे वजन सुमारे 680 किलो व रोटरचा व्यास जेमतेम 7.9 मीटर, म्हणजे रोटरने व्यापलेल्या वर्तुळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ चौदा किलोंचा भार पडत होता. 18-ए चा रोटर 10.7 मीटरचा असल्याने वजन 816 किलो असूनही तेथे तोच भार नऊ किलोंच्या आसपास राहिला. जे-2 चा रोटर एका हलक्या हेलिकॉप्टरच्या धर्तीचा होता, आणि हेलिकॉप्टरला शोभणारा लहान रोटर ऑटोगायरोला जड जातो, कारण पुढे रेटणाऱ्या पंख्याच्या शक्तीतला मोठा हिस्सा या लहान छत्राच्या ओढीतच खर्ची पडतो. उंची गाठण्यात जे-2 मंद म्हणून तिची ख्याती झाली, ती एवढ्या एका आकड्यावरून समजून येते.

मग बदलले काय? माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी एकत्र आल्या. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे 1352 घन सेंटिमीटरचे, 100 अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन जुन्या 180 अश्वशक्तीच्या इंजिनाच्या मानाने फारच हलके. काच व कार्बनच्या तंतूंचे आवरण पत्र्याहून हलके आणि हव्या त्या वळणाचे. आणि साच्यातून दाबून काढलेली अॅल्युमिनियमची पाती स्वस्त व एकसारखी. जर्मनीतील हिल्डेसहाइम येथील ‘ऑटोगायरो’ याच नावाच्या कंपनीने 2009 च्या सुमारास कॅलिडस हे एकामागे एक आसनांचे, आणि त्यानंतर थोड्याच काळात कॅव्हॅलॉन हे शेजारी-शेजारी आसनांचे बंदिस्त यान बाजारात आणले. इटलीतील मॅग्नी कंपनीनेही आपले शेजारी आसनांचे बंदिस्त यान काढले. कॅव्हॅलॉनचा रोटर 8.4 मीटरचा आणि उड्डाणाचे वजन साधारण 500 किलो धरले, तर प्रति चौरस मीटर भार पुन्हा नऊ किलोंच्या घरात येतो. म्हणजे 18-ए ने जे प्रमाण 180 अश्वशक्तीने चालवले होते तेच येथे शंभरात भागवले गेले आहे.

आता खुद्द कॅबिनकडे. हलक्या ऑटोगायरोत पंखा बहुधा पाठीमागे असतो, म्हणजे कॅबिनच्या मागून निघालेली हवा तोच चघळतो. उघड्या यानात बसलेल्या माणसांच्या खांद्यांवरून, नळ्यांवरून आणि इंजिनावरून फाटलेली हवा त्याच्या वाट्याला येते. बंदिस्त कॅबिनचा फायदा केवळ रोध कमी होण्यात नाही, तर तिची मागची बाजू पाण्याच्या थेंबासारखी निमुळती करून पंख्याला शांत हवा पोचवण्यातही आहे. कॅबिन मागे एकाएकी बोथट संपली तर पंखा अर्धा वेळ तिच्या सावलीतच फिरतो आणि आवाज मात्र दुप्पट करतो. शेजारी-शेजारी आसनांची कॅबिन रुंद असल्याने तिचा समोरचा पसारा अधिक, म्हणून तेच इंजिन असूनही ती मागे-पुढे आसनांच्या निमुळत्या यानापेक्षा थोडी मंद असते. परंतु शिक्षक आणि शिष्य एकाच फलकाकडे पाहू शकतात, एकमेकांचे हात पाहू शकतात, आणि प्रवासास निघालेल्या दोघांत संभाषणाची सोय राहते. माझे मत विचाराल तर ज्यांना वेगापेक्षा सोबतीचे मोल अधिक त्यांनी रुंद कॅबिनच पत्करावी. ऑटोगायरो ही काही घाईची सवारी नव्हे.

कॅबिन आली की स्थैर्याचे प्रश्न येतात. सर्वसाधारण वाचकाला हा भाग कंटाळवाणा वाटेल. तथापि ऑटोगायरोच्या अपघातांच्या इतिहासाचा मोठा भाग येथेच दडलेला असल्याने तो टाळता येत नाही. कॅबिनचे बरेचसे बाजूचे क्षेत्र यानाच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असते, म्हणून बाजूचा झोत लागताच नाक वळत जाऊ पाहते. त्याला रोखण्यासाठी शेपटीवर मोठे उभे पृष्ठ लागते. कॅलिडस व कॅव्हॅलॉन या जर्मन यानांच्या शेपटीवर मध्यभागी सुकाणू आणि आडव्या पृष्ठाच्या दोन्ही टोकांना आणखी एकेक उभा पडदा दिसतो, त्याचे कारण हे. याहून महत्त्वाची गोष्ट उभ्या पातळीतली आहे. पंख्याच्या रेट्याची रेषा गुरुत्वमध्याच्या वरून जात असेल तर रेटा नाक खाली दाबतो. कॅबिनचा रोध गुरुत्वमध्याच्या खाली असेल तर तोही नाक खालीच ओढतो. रोटरवर पूर्ण भार आहे तोवर रोटर या दोघांना सांभाळतो. परंतु वैमानिकाने घाबरून नियंत्रणाची दांडी पुढे दाबली, किंवा हवेच्या एखाद्या लाटेने यान क्षणभर वजनहीन झाले, की रोटरवरचा भार उतरतो, त्याची सांभाळण्याची शक्ती त्याच क्षणी जाते, आणि रेटा मात्र पूर्वीइतकाच दाबत राहतो. यान मग नाकावर पालथे होते, आणि हे इतक्या थोड्या अवधीत घडते की सावरण्यास वेळ मिळत नाही.

हेलिकॉप्टरमधून किंवा पंखांच्या विमानातून आलेल्या अनुभवी वैमानिकांनाच हा फटका अनेकदा बसला, कारण नाक वर जाताच दांडी पुढे दाबण्याची त्यांच्या हाताची सवय येथे शत्रूचे काम करते. 1990 च्या दशकात ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने ग्लासगो विद्यापीठाकडून या विषयाचा अभ्यास करवून घेतला, आणि रेट्याच्या रेषेचे गुरुत्वमध्यापासूनचे उभे अंतर हाच या स्थैर्यातील सर्वांत प्रभावी घटक असल्याचे त्यातून निष्पन्न झाले. त्यानंतर ब्रिटिश नियमात हे अंतर वर किंवा खाली दोन इंचांच्या आत असावे अशी तरतूद आली. कॅनडातील आरएएफ 2000 या बऱ्याच खपलेल्या बंदिस्त दोन आसनी यानाला मूळ आराखड्यात आडवे शेपूटपृष्ठच नव्हते, यावरून कॅबिन देऊनही मूळ प्रश्नाकडे किती दुर्लक्ष होऊ शकते ते दिसते. आजच्या बंदिस्त यानांत माणसे उंच बसवून गुरुत्वमध्य वर आणतात, इंजिन शक्य तेवढे खाली ठेवतात, आणि भरभक्कम आडवे पृष्ठ पंख्याच्या झोतात लावतात, म्हणजे कॅबिनने नाक खाली ओढले तर शेपूट त्याची भरपाई करते. या पृष्ठाचे वजन व रोध म्हणजे कॅबिनच्या आरामाबद्दल द्यावा लागणारा सरकारी सारा होय, आणि तो चुकवू पाहणारा शेवटी दंडासह भरतो.

उड्डाणाचा विधी साधा असला तरी त्यात क्रम चुकून चालत नाही. इंजिनापासून रोटरपर्यंत एक दंड असतो. जमिनीवर उभे असताना क्लच दाबून रोटरला मिनिटाला सुमारे दोनशे फेऱ्यांपर्यंत फिरवतात, मग क्लच सोडतात, दांडी पूर्ण मागे घेऊन चक्र मागे कलवतात, आणि धावताना समोरून येणारी हवा उरलेल्या फेऱ्या भरून काढते. फेऱ्या पुरेशा नसताना यान वेगाने धावू दिले तर मागे जाणारे पाते पडू लागते, सारा रोटर हादरतो, आणि प्रसंगी पाते शेपटीवर आदळते. सावकाश, समंजसपणे केले तर शंभर मीटरच्या आसपास धावून यान उठते. 18-ए या जुन्या यानात पात्यांचा कोन बदलण्याची सोय असल्याने रोटर सपाट कोनात भरपूर फिरवून मग एकदम कोन वाढवता येई, आणि यान जागच्या जागी उडी मारून वर जाई. परंतु त्या सोयीची यंत्रणा महाग व नाजूक, म्हणून आजच्या यानांनी तिच्याकडे पाठ फिरवली. तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण शंभर मीटरांची जागा जवळपास सर्वत्र मिळते.

उतरताना मात्र ऑटोगायरोची खरी शोभा दिसते. जमिनीजवळ दांडी मागे घेत गेले की वेग घटतो, आणि चाके टेकतात तेव्हा यान पाच-दहा मीटरांच्या पुढे सरकत नाही. यावरून हे यान छत्रीसारखे सरळ खाली उतरते अशी जी समजूत पसरली आहे ती मात्र तपासून पाहावयास हवी. 500 किलो वजन व 8.4 मीटर व्यास यांवरून हिशेब केला, तर पुढचा वेग शून्य असताना हे यान सेकंदाला दहा-अकरा मीटरने खाली येते. हा वेग साधारण दोन मजली घराच्या गच्चीवरून पडणाऱ्या वस्तूचा आहे. माणसे त्यातून कदाचित जगतील, यान जगणार नाही. म्हणून इंजिन बंद पडले तरी ताशी 80-90 किलोमीटरचा पुढचा वेग राखून घसरत यावयाचे आणि शेवटच्या काही मीटरांत तो वेग दांडी मागे घेऊन रोटरच्या हवाली करावयाचा, हाच नियम. तसे केले तर इंजिनाशिवायचे उतरणे ही घाबरण्याची गोष्ट राहत नाही, कारण रोटर तसाही कधी इंजिनाच्या भरवशावर नव्हताच.

किमान वेगाबाबतही अशीच सावधगिरी हवी. ऑटोगायरोचा रोटर पंखाप्रमाणे एकाएकी निखळत नाही हे खरे; परंतु वेग एका मर्यादेच्या खाली गेला की त्याच उंचीवर राहण्यासाठी कमी नव्हे तर अधिक शक्ती लागू लागते, आणि एका टप्प्यावर पूर्ण शक्ती देऊनही यान खालीच जाते. तेथून सुटण्याचा एकच मार्ग, नाक खाली करून वेग मिळवणे; आणि खाली झाडे असतील तर तो मार्गही बंद. उड्डाणाच्या पहिल्या काही सेकंदांत उतावीळ वैमानिक उंच जाण्याच्या हौसेने येथेच सापडतो.

वेगाची दुसरी कड शक्तीने ठरते. अशा बंदिस्त यानात वजन आणि एकूण रोध यांचे गुणोत्तर चारच्या आसपास धरले, म्हणजे 500 किलो वजनाला सव्वाशे किलोंचा रोध, तर ताशी 120 किलोमीटरने जाण्यास सुमारे 55 अश्वशक्ती प्रत्यक्ष कामी यावी लागते. पंख्याची गळती मिळवली की इंजिनावर 80-85 अश्वशक्तीचा भार पडतो. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाला हे प्रवासाचे काम निभते, वर थोडी शिल्लक राहते, आणि त्या शिलकीतूनच उंची गाठावयाची असते. 115 अश्वशक्तीचे टर्बोयुक्त इंजिन घेतले तर उन्हाळ्यात आणि डोंगराळ मुलखात ही शिल्लक मोठी जाणवते. तेवढ्याच शक्तीचे हलके पंखांचे विमान सहज दोनशेच्या पुढे जाते, कारण त्याचा पंख स्थिर आहे आणि त्याला टोकांशी साडेपाचशेच्या वेगाने हवा कापीत फिरावे लागत नाही. कॅबिनने रोध कमी होतो हे खरे, पण रोटरचा रोध तसाच राहतो. म्हणून ऑटोगायरोला कितीही गुळगुळीत आवरण चढवले तरी ताशी 160 किलोमीटरच्या पलीकडे जाण्याची तिची हौस इंजिनाला परवडत नाही. विमानाशी शर्यत लावण्याच्या भानगडीत न पडता, ज्या वादळी हवेत हलके विमान पानासारखे फेकले जाते त्या हवेत ऑटोगायरो किती शांत चालते इकडे लक्ष द्यावे. रोटरवरचा भार त्याच्या पात्यांच्या प्रत्यक्ष पृष्ठभागाने भागला तर तो विमानाच्या पंखावरच्या भाराच्या कितीतरी पट येतो, आणि म्हणूनच झोताचा धक्का तिला कमी लागतो.

शेवटी वजनाचा ताळेबंद. बंदिस्त यानाचे रिकामे वजन 280 ते 290 किलो धरले, तर 500 किलोंच्या मर्यादेत माणसे, सामान व पेट्रोल यांस मिळून 210 ते 220 किलो उरतात. प्रत्येकी ऐंशी किलोंची दोन माणसे बसली की पन्नास-साठ किलोंची मुभा राहते, म्हणजे सत्तर ते ऐंशी लिटर पेट्रोल, आणि तासाला पंधरा ते वीस लिटर खर्च धरला तर चार तासांच्या आसपासचे उड्डाण. शंभर लिटरची टाकी पूर्ण भरावयाची असेल तर दोघांपैकी एकाने सडपातळ असावे, किंवा सामान घरी ठेवावे. जर्मनीतील अतिहलक्या यानांच्या नियमात पूर्वी 450 किलोंची हद्द होती. तीच कायम राहती तर या बंदिस्त कॅबिनमध्ये दोन धट्टीकट्टी माणसे बसू शकली असती, फक्त टाकीत पेट्रोल घालण्यास जागा उरली नसती. पुढे मर्यादा वाढली, आणि काही प्रकारांना 560 किलोंपर्यंत जाण्याचा परवाना मिळाला, तेव्हाच दोन माणसे, पूर्ण टाकी आणि लहानशी पेटी ही तिन्ही एकाच यानात कायदेशीरपणे मावू लागली.